डॉक्टर व्हायचंय? आधी महिनाभर दवाखान्यात बसून बघा

दरवर्षी जून महिन्यात आमच्या वस्तीतल्या दोन-चार घरांत एकच वाद चालू असतो. नीटचा निकाल लागलेला असतो, गुण सीटपर्यंत पोचलेले नसतात, आणि पोराला किंवा पोरीला अजून एक वर्ष द्यायचं का, यावर बाप एकीकडे नि आई दुसरीकडे. क्लासची फी लाखाच्या घरात जाते. कुणी बचत गटातून कर्ज उचलतं, कुणी गावाकडचा तुकडा विकायला काढतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, सिस्टरला विचारून या. मी सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं परिचारिका होते, म्हणून हा प्रश्न माझ्या दारी येतो.

मी त्या मुलाला एकच विचारते : डॉक्टर दिवसभर काय काम करतो, ते मला सांग बरं. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. पेशंट तपासतो, इंजेक्शन देतो. इंजेक्शन तर आम्ही सिस्टर देतो! यात मुलांचा काही दोष नाही. आपल्या घरातल्या मुलांनी डॉक्टर पाहिलेला असतो तो स्टुलावर बसून, ताप अंगात असताना, दोन मिनिटं. टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं ते त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. डॉक्टरांच्या घरातली मुलं मात्र हे सगळं जेवता जेवता ऐकत मोठी होतात. बाबा रात्री दोन वाजता का उठून गेले, आई आज गप्प का आहे, हे त्यांना बाराखडीबरोबर कळतं. नीटच्या पेपरात हा विषय नसतो, पण पुढच्या साडेपाच वर्षांत त्याचा फरक पडतो.

अमेरिकेत वैद्यकीय कॉलेजला अर्ज करायच्या आधी मुलं डॉक्टरांच्या मागे मागे राहून त्यांचं काम बघतात. त्याला तिकडे 'शॅडोइंग' म्हणतात, म्हणजे सावलीसारखं राहणं. तिथे आधी पदवी घ्यावी लागते, मग एमकॅट नावाची परीक्षा, आणि अर्जात कुठल्या डॉक्टरांकडे किती तास बसलात तेही लिहायचं असतं. इंग्लंडमध्येही मुलाखतीत विचारतात की तू दवाखान्यात काय पाहिलंस. आपल्याकडे असं काही विचारत नाहीत. आपल्याकडे ७२० गुणांचा एक पेपर, त्यातले ३६० जीवशास्त्राचे, आणि त्या गुणांवर सगळं ठरतं. म्हणून कुणी 'शॅडोइंगचं सर्टिफिकेट' देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. त्या कागदाला आपल्या प्रवेशप्रक्रियेत काडीची किंमत नाही. बसायचं ते स्वतःला कळावं म्हणून.

गेल्या वर्षी माझ्या चुलत बहिणीची मुलगी अशी बसली. तिचीच हकिगत आज सांगणार आहे. तिचे वडील ऑटो चालवतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. आम्ही उत्तर नागपूरच्या वस्तीत राहतो.

बहीण निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आली. "ताई, पोरगी ऐकूनच नाही राहिली. डॉक्टरच व्हायचं म्हणते. आम्ही फी कुठून आणावी?" पोरगी कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली. मी म्हटलं, फीचं नंतर बघू. आधी महिनाभर एखाद्या डॉक्टरकडे बस. रक्त, पू, उलटी, रडणं बघ, आणि मग सांग.

डॉक्टर शोधायला दहा दिवस गेले. मोठ्या रस्त्यावरच्या एका दवाखान्यात आम्हाला आडनाव विचारलं, नि मग जागा नाही म्हणाले. दुसऱ्याने नीट ऐकून घेतलं, पण 'इथे इन्शुरन्सवाले येतात, बाहेरचं माणूस चालत नाही' असं सांगितलं. ते मला पटलं. शेवटी वस्तीतल्याच एक डॉक्टर मॅडम तयार झाल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, दोन खोल्यांचा दवाखाना. त्यांनी दोन कागद मागितले : आईवडिलांचं संमतीपत्र, आणि मुलीच्या हातानं लिहिलेलं, मी इथे का बसू इच्छिते याचं एक पान. पान वाचून हसल्या. त्यात 'समाजाची सेवा' हा शब्द पाच वेळा होता. म्हणाल्या, महिन्यानंतर परत लिहून आण.

इथे एक गोष्ट बजावून सांगते. आपल्या वस्त्यांत कितीतरी मुलं दवाखान्यात कामाला असतात. त्यांना कंपाउंडर म्हणतात, आणि दोन महिन्यांत ती सुया टोचायला, सलाइन लावायला लागतात. हे डॉक्टरचं काम बघणं नव्हे. ते बेकायदा आहे आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणाऱ्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा ज्या दवाखान्यात बसायचं त्याच्या पाटीवर किंवा भिंतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का ते आधी बघा. आणि पहिल्याच दिवशी कुणी तुमच्या मुलाच्या हातात सिरिंज दिली, तर त्याला घरी घेऊन या. बसायला गेलेल्या मुलानं बघायचं, ऐकायचं, विचारायचं. रुग्णाला हात लावायचा नाही. फोन पिशवीत ठेवायचा, फोटो तर मुळीच नाही.

पहिल्या दिवशी पोरगी चक्कर येऊन पडली. भाजलेल्या पायाची पट्टी बदलणं चालू होतं. बहीण रात्री माझ्याकडे धावत आली, झालं, हिच्यानं होणार नाही म्हणून. अहो, मीही पडले होते, नर्सिंगच्या पहिल्या वर्षात, प्रसूतीच्या खोलीत, आणि पडता पडता ट्रे घेऊन पडले. नवख्या माणसाला असं होतं. रक्त पाहून रक्तदाब एकदम उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाशीपोटी जायचं नाही, एकाच जागी ताठ उभं राहायचं नाही, घाम फुटला की लगेच खाली बसायचं. आठवडाभरात डोळा सरावतो. चक्कर आली म्हणून कुणी डॉक्टर व्हायला नालायक ठरत नाही.

तिला खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. एका सकाळी सत्तर-ऐंशी पेशंट. त्यातले निम्मे सर्दी, खोकला, खाज, अंगदुखी. तिच्या डोक्यात ऑपरेशन थिएटर होतं, आणि इथे मॅडम एका म्हातारीला विचारत होत्या की पाणी कुठून भरता, संडास कुठे आहे, सून जेवायला काय देते. दोन आठवड्यांवर खोकला असलेल्या प्रत्येकाला थुंकीच्या तपासणीला पाठवत होत्या, आणि निम्मे लोक 'मला टीबी नाही' म्हणून भांडत होते. एक माणूस बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून सोडून आलेला, वरचा आकडा १९०. मॅडमनी न रागावता सगळं पहिल्यापासून समजावलं. पुढच्या महिन्यात तो परत तसाच येणार हे त्यांना ठाऊक होतं. पोरगी मला म्हणाली, "मावशी, मॅडम तर दिवसभर बोलूनच राहतात." मी म्हटलं, हेच डॉक्टरचं काम आहे. तुला बोलायचा कंटाळा आहे का ते आत्ताच बघ.

मग सिकलसेलची पोरं आली. विदर्भात हा आजार आदिवासींबरोबर आपल्या समाजातही बराच आढळतो, हे या पानाच्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. अकरा वर्षांचा एक मुलगा, पाऊस पडून गार वारा सुटलेला, शाळेत पाणी प्यायला नव्हता, आणि पाय-पाठ धरून असा ओरडत होता की बाहेरची रांग गप्प झाली. या आजारात लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे असह्य दुखतं. शरीरातलं पाणी कमी होणं, थंडी, जास्त दमणं, ताप, याने ते उसळतं. मॅडमनी त्याचं दुखणं शमवायचं औषध आणि पाणी सुरू केलं, ताप-श्वास तपासला आणि त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. जाताना त्याची आई पोरीला म्हणाली, तू शिकून राहिली न बाई, लवकर शीक. त्या रात्री पोरगी जेवली नाही.

आणि तिसऱ्या आठवड्यात ते झालं, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. ही हकिगत ज्या मुलीची आहे तिला मी हे सगळं वाचून दाखवलं आहे, तिच्या परवानगीनंच छापते आहे, आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.

वस्तीतलीच एक तरुण मुलगी, लग्न ठरलेलं. सिकलसेलच्या तपासणीचा अहवाल घ्यायला आली होती. ती वाहक निघाली, म्हणजे कागदावर एएस. मॅडम वीस मिनिटं तिच्याशी बोलल्या. वाहक म्हणजे आजारी नव्हे. औषध लागत नाही, लग्न होऊ शकतं, मुलं होऊ शकतात. फक्त होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी हवी. तोही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, वाहक होण्याची चारात दोन, आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. तेव्हा आधीच माहीत असलं तर पुढे काय करायचं ते दोघांना ठरवता येतं, गरोदरपणात सुरुवातीलाच गर्भाची तपासणीही करता येते. पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन ये, असं ठरलं. मुलगी रडली, पण 'आणते' म्हणाली.

रात्री जेवताना माझ्या बहिणीनं रोजच्यासारखं विचारलं, "आज कोण कोण आलतं गं?" पोरीनं त्या मुलीचं नाव घेतलं. फक्त नाव. कशाला आली, काय निघालं, अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर चार बायांसमोर बहिणीनं, अगदी काळजीनं हो, त्या मुलीला विचारलं, "तब्येत बरी नाही का गं तुझी? दवाखान्यात आलती म्हणे." नळावर मुलाकडची एक नातेवाईक उभी होती. संध्याकाळपर्यंत वस्तीत तीन आजार तयार झाले होते.

ठरलेल्या दिवशी ती मुलगी नवऱ्यामुलाला घेऊन आली नाही. त्यानंतरच्या आठवड्यातही नाही. मॅडमना काय झालं ते तिसऱ्याकडून कळलं. त्यांनी पोरीला आत बोलावून विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, मी फक्त आली होती एवढंच सांगितलं." मॅडम म्हणाल्या, "एवढंच पुरतं." आणि तिला घरी पाठवलं. यायचं असेल तर आठ दिवसांनी ये, आईला घेऊन ये.

बहीण आधी चिडली. आम्ही काय चोरी केली का, शेजारणीची विचारपूस करू नये का, असं बरंच. मला तिचं दुःख कळत होतं. आपल्या वस्तीत कुणी आजारी पडलं तर डबा नेऊन देणारी तीच पहिली असते. आपल्याकडे गुपित ठेवणं म्हणजे परकेपणा वाटतो. पण दवाखान्यात गेलेला माणूस डॉक्टरला जे सांगतो ते डॉक्टरचं नसतं, त्या माणसाचंच असतं. टीबी, गर्भपात, दारू, डोक्याचा आजार, एचआयव्ही, यातलं एक नाव बाहेर आलं की नोकरी जाते, सोयरीक मोडते, भाड्याची खोली जाते. एचआयव्हीबद्दल तर २०१७चा कायदाच आहे की त्या माणसाच्या संमतीशिवाय ते कुणाला सांगायचं नाही. आणि वस्तीतल्या मुलाला हे पाळणं दुप्पट कठीण, कारण शहरातल्या डॉक्टरसमोर बसणारा पेशंट अनोळखी असतो. आपल्या पोरासमोर बसणारा त्याच नळावर पाणी भरतो.

आठ दिवसांनी मायलेकी दोघी गेल्या. मॅडमनी बहिणीला चहा दिला आणि विचारलं, अंगणवाडीत कुठल्या बाळाचं वजन किती भरलं ते तुम्ही गल्लीत सांगता का? बहीण म्हणाली, नाही, त्या बाईला वाईट वाटेल न. मॅडम म्हणाल्या, बस, तेवढंच. मग पोरीला परत बसू दिलं, एका अटीवर. प्रत्येक पेशंट आत आला की तिनं उठून सांगायचं : मी विद्यार्थिनी आहे, बघायला बसते, तुम्हाला नको असेल तर बाहेर जाते. पहिल्या दिवशी चौघांनी तिला बाहेर जायला सांगितलं. त्यात दोघी तिच्या ओळखीच्या होत्या. ती उठली नि गेली. हे मी आयुष्यभर दवाखान्यात राहून सांगते, शिकाऊ डॉक्टर खोलीत आहेत म्हणून गरिबाला विचारायची पद्धत मी फार कमी वेळा पाहिली. वाचकहो, तुम्ही रुग्ण म्हणून गेलात आणि खोलीत चार अनोळखी मुलं उभी असतील, तर ती कोण हे तुम्ही विचारू शकता आणि नको म्हणू शकता.

त्या तरुण मुलीनं पुढे दुसऱ्या सरकारी केंद्रात तपासणी करून घेतली, दोघांचीही. काय निघालं ते मला माहीत आहे, आणि इथे लिहिणार नाही.

जीवकाची गोष्ट विनयपिटकात आहे ती आपण विहारात ऐकतो. उकिरड्यावर टाकलेलं मूल, तक्षशिलेला जाऊन आचार्यांकडे सात वर्षं राहिला. शेवटी आचार्यांनी सांगितलं, योजनभर परिसरात फिरून औषधी नसलेली एक वनस्पती आण, आणि तो रिकाम्या हातानं परत आला. भगवान बुद्धांचा वैद्य म्हणून आपण त्याला मानतो. मला त्या गोष्टीतली सात वर्षं महत्त्वाची वाटतात. शिकणं म्हणजे कुणाच्या तरी सोबत राहणं, हे तेव्हाही होतं. आताच्या एमबीबीएसमध्येही २०१९पासून पहिल्या वर्षापासूनच मुलांना रुग्णांजवळ नेण्याची पद्धत अभ्यासक्रमात आणली आहे. पूर्वी पहिलं वर्ष सगळं पुस्तकात आणि प्रेतावरच जात असे.

डॉक्टर मिळालाच नाही तर? तर आशाताईंबरोबर चार दिवस घरोघरी फिरा, त्यांची हरकत नसेल तर. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र घेऊन भेटा. रक्तदान शिबिरात, लसीकरणाच्या दिवशी रांग लावायला उभे राहा. जायच्या आधी हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस झाली आहे का ते बघा, खोकणाऱ्यांच्या खोलीत मास्क काढू नका, आणि स्वतःला खोकला-ताप असेल त्या दिवशी घरी राहा. एक महिना पुरे. नीटच्या वर्षात त्याहून जास्त वेळ देऊ नका. परीक्षा झाली की मे-जूनमध्ये बसा.

सगळ्यांचं उत्तर 'हो' येईल असं नाही. याच मॅडमकडे नंतर एक मुलगा बसला, दोनदा नीट दिलेला. पंधरा दिवसांनी त्यानं मला सांगितलं, सिस्टर, मला माणसांचं रडणं सहन होत नाही, पण ती रक्ताची मशीन बघत मी तासभर उभा होतो. तो आता प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करतो आहे. त्याची आजी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिला डॉक्टर नातू हवा होता. मला वाटतं तिची एक लाखाची फी वाचली आणि नातवाचं तिसरं वर्ष वाचलं, पण आजीला हे पटवणं माझ्या हातात नाही.

आणि ज्यांचं उत्तर 'हो' येईल त्यांच्यासाठी एक कागदाची गोष्ट, आरोग्याच्या पानावर शोभत नसली तरी. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज करा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा मागतात, आणि १९५६ नंतर आपल्यातल्या पुष्कळांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' लागलं आहे. आजोबा-पणजोबांचा जुना दाखला गावच्या शाळेतून काढायला महिने लागतात. नीटमध्ये गुण आले आणि कागद नाही म्हणून सीट गेली, अशी घरं मी पाहिली आहेत. बार्टीच्या मोफत नीट प्रशिक्षणाची जाहिरात आली तर तिथेही जातीचे कागद लागतात, म्हणून लाखाची फी भरायच्या आधी तिकडे चौकशी करा.

माझ्या भाचीनं महिन्यानंतर मॅडमना दुसरं पान लिहून दिलं. मला ते वाचायला दिलं नाही. रिपीटचं वर्ष चालू आहे, विहाराच्या वाचनालयात सकाळी सहाला जाऊन बसते. रविवारी दोन तास मॅडमकडे जाते. बहीण अजूनही रात्री सवयीनं विचारते, कोण आलतं गं आज? ती म्हणते, "पेशंट आलते, आई," आणि भाकरी मोडते.